आधीचा फोटो

पहाटे ३.४५

कोहिमात मे महिन्याच्या मध्यावर सूर्य साडेचारलाच उगवतो. देशावरून आलेल्या माणसाच्या हे अंगवळणी पडायला आठवडा जातो. घड्याळात चारसुद्धा वाजलेले नसतात आणि खिडकीबाहेर डोंगरांच्या कडा करड्या व्हायला लागतात. संध्याकाळी पावणेसहाला सगळं आटोपलेलं. म्हणून माझा दिवस इथे पावणेचारला सुरू होतो.

काम थोडक्यात सांगतो. १९४४ च्या लढाईत इथे काढलेले फोटो घ्यायचे, ते काढणारा माणूस नेमका कुठे उभा होता ती जागा शोधून काढायची, तिथे उभं राहून आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. ऐकायला सोपं आहे. एका फोटोला कधी एक तास लागतो, कधी चार दिवस.

रात्रीच भरून ठेवलेली पिशवी पुन्हा तपासतो. कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड, ३० मीटरची टेप, होकायंत्र, पट्टी, पेन्सिल, इनर लाइन परमिटची प्रत. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती प्लास्टिकची फाइल. तिच्यात अकरा जुने फोटो आहेत. प्रत्येकावर एक पारदर्शक शीट, आणि त्या शीटवर मागच्या डोंगरांची आकाशरेषा मी काळ्या पेनाने गिरवून घेतलेली. बारावं शीट कोरं आहे. त्याबद्दल संध्याकाळी सांगतो.

४.३०, बडा बस्ती

काल रात्री पाऊस पडून गेला हे नशीब. एप्रिलमध्ये झूम शेतीसाठी जंगल जाळतात तेव्हा इथल्या हवेत धुरकं असतं, लांबचे डोंगर दिसतच नाहीत. आणि लांबचे डोंगर दिसले नाहीत तर माझं काम सुरूच होत नाही, कारण ऐंशी वर्षांत न हललेली तेवढी एकच गोष्ट आहे.

बडा बस्ती म्हणजे मूळ कोहिमा गाव. अंगामी नागांचं, शहराच्या उत्तरेच्या उंचवट्यावर वसलेलं, दगडी बांधांच्या पायऱ्या पायऱ्यांवर चढत गेलेलं. लष्करी नकाशांत याला ‘नागा व्हिलेज’ म्हटलंय. ४ एप्रिल १९४४ रोजी जपानच्या ३१ व्या डिव्हिजनने कोहिमावर हल्ला चढवला, आणि लढाई २२ जूनपर्यंत चालली. जपान्यांकडे सुमारे १५,००० सैनिक होते. समोरच्या धारेवर वेढले गेलेले ब्रिटिश बाजूचे जेमतेम अडीच हजार, त्यातले कितीतरी कारकून, स्वयंपाकी, इस्पितळातले. ही धार पडली असती तर दिमापूरच्या रेल्वेपर्यंतचा रस्ता मोकळा झाला असता. या गावात जपानी मोर्चे होते. तोफा आणि विमानांनी गावाचं काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको.

माझ्या हातातला पहिला फोटो या गावाच्या उतारावरून घेतलेला आहे. पुढे डाव्या कोपऱ्यात दगडी बांधाचं एक टोक, मधे दरी, पलीकडे त्याच धारेवरची टेकडी, गॅरिसन हिल. टेकडीवर झाडं आहेत, पण त्यांना पान नाही, फांदी नाही. नुसते सोट उभे. मागे पुलीबाडझेची रांग.

शीट डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरतो आणि गिरवलेली रेषा खऱ्या डोंगरावर बसवायचा प्रयत्न करतो. रेषा बसली म्हणजे दिशा मिळाली. पण दिशा म्हणजे जागा नव्हे. जागा मिळते ती जवळची आणि लांबची वस्तू एकमेकींच्या कुठे येतात त्यावरून. बांधाचं टोक जुन्या फोटोत गॅरिसन हिलच्या डाव्या खांद्याच्या बरोबर खाली आहे. मी दोन पावलं उजवीकडे सरकलो की टोक खांद्यापासून डावीकडे जातं. डावीकडे सरकलो की खांद्याच्या पुढे येतं. वर चढलो तर बांध आणि टेकडी यांच्यामधली दरी जास्त दिसते, खाली उतरलो तर झाकली जाते. असं सरकत, चढत, उतरत माणूस एका बिंदूवर येतो. लेन्स बदलून यातलं काहीही साधत नाही. लेन्सने चौकट लहानमोठी होते, वस्तूंची आपसातली मांडणी फक्त पाय हलवल्यानेच बदलते. नवख्यांना हे समजावता समजावता माझी निम्मी शक्ती जाते, म्हणून इथे पुन्हा लिहिलं.

तो बिंदू आज एका घराच्या परसात आला. मोहरीची भाजी लावलेली, दोन कोंबड्या, वाळत घातलेले कपडे. माझा सोबती याच गावचा तरुण आहे. त्याने आत जाऊन त्यांच्या भाषेत, टेन्यिडीत विचारलं. घरच्या बाईंनी मान डोलावली आणि आधी दोन कप लाल चहा आणून दिला. बिनदुधाचा, कडक. मी “थँक यू आंटी” म्हटलं. इथे मोठ्या बाईला आंटी आणि पुरुषाला अंकल म्हणायची पद्धत आहे, माझंही तोंड आता त्याला सरावलंय.

ट्रायपॉड लावला. पण समोर काय? शेजारच्या घराची विटांची भिंत. वर काळी पाण्याची टाकी, तिच्यावरून गेलेल्या सात तारा. गॅरिसन हिल दिसतच नाही. भिंतीच्या उजव्या कडेला पुलीबाडझेचा एवढासा तुकडा दिसतो, आणि तेवढ्या तुकड्यावरून जागा खरी आहे हे ताडता येतं.

सोबती म्हणाला, “सर, गच्चीवर चला. सगळं छान दिसतं.”

गच्चीवर गेलो. खरंच छान दिसतं. सोनेरी ऊन टेकडीवर पडलेलं, दाट हिरवी झाडं, खाली शहर. तो फोटोही काढला. पण ती जागा जुन्या फोटोपेक्षा तीन-साडेतीन मीटर उंच आहे. ‘तेव्हा आणि आता’ म्हणून मी जो जोडीला लावणार, तो परसातलाच. भिंतीचा.

यावरून एक जुनं दुखणं आहे. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी अशा सहा जोड्या दिल्या होत्या. उद्घाटनाच्या दिवशी बघतो तर दोन फोटोंमधल्या तारा पुसलेल्या, आणि भिंतीच्या फोटोऐवजी गच्चीवरचा लावलेला. मला विचारलंही नव्हतं. संयोजक म्हणाले, लोकांना फरक दिसायला हवा, एका बाजूला उद्ध्वस्त आणि दुसऱ्या बाजूला सुंदर. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे की ती भिंत हाच फरक आहे. जिथे एक सैनिक कॅमेरा घेऊन उभा होता तिथे आज कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे, ही या गावाची ऐंशी वर्षांची कमाई आहे. ती पुसायचा मला किंवा कुणालाही हक्क नाही.

७.३०, टेनिस कोर्ट

गॅरिसन हिलच्या उतारावर आता युद्धस्मशान आहे. १,४२० कबरी, पायऱ्यापायऱ्यांच्या बागेसारख्या मांडलेल्या. उंच क्रूस प्रत्येक कबरीवर नाहीत, बसक्या दगडांवर काशाच्या छोट्या पाट्या आहेत आणि मधे मधे फुलझाडं. सर्वांत वरच्या अंगाला ज्यांचं दहन झालं अशा ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. तिथे आधी जातो. रोज जातो. नावं वाचायला वेळ लागतो, म्हणून रोज थोडी थोडी.

मग खाली उतरून टेनिस कोर्टावर. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या आवारातलं हे कोर्ट. एका कडेला वेढ्यातले सैनिक, दुसऱ्या कडेला जपानी, मधे एवढंच मैदान, आणि कित्येक रात्री त्याच्यावरून हातबॉम्ब फेकले गेले. १३ मे रोजी एक ली-ग्रँट रणगाडा कसाबसा उतारावरून खाली आणला आणि त्याने अगदी जवळून मोर्चे फोडले, तेव्हा हे कोर्ट हाती आलं. बंगला राहिला नाही. कोर्टाच्या रेघा मात्र पांढऱ्या काँक्रीटमध्ये जपल्या आहेत. रेघांच्या आजूबाजूला कबरी.

माझ्या दृष्टीने या जागेचं मोल आणखी एका कारणाने आहे. टेनिस कोर्टाचं माप जगभर एकच असतं, लांबी २३.७७ मीटर आणि दुहेरी सामन्याची रुंदी १०.९७ मीटर. युद्धभूमीवरच्या फोटोत इतकं पक्कं माप सहसा मिळत नाही. जुन्या फोटोत कोर्टाची एक बाजू आणि पलीकडच्या पायरीची कड दिसतेय. पट्टीने प्रिंटवर मोजायचं, टेपने जमिनीवर मोजायचं, आणि दोन्हींचं गुणोत्तर जुळेपर्यंत मागेपुढे सरकायचं. अर्ध्या तासात जागा हातभराच्या फरकाने सापडली.

उंची मात्र जमेना. मी उभा राहून पाहिलं की पलीकडच्या सोंडेचा पायथा दिसतो. फोटोत तो दिसत नाही, पायरीच्या कडेने झाकलाय. ट्रायपॉड खाली घेतला. अजून खाली. छातीएवढा, कमरेएवढा. शेवटी कॅमेरा जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर आला तेव्हा पायथा झाकला गेला. म्हणजे तो माणूस उभा नव्हताच. गुडघ्यावर होता, किंवा खड्ड्यात. ब्रिटिश सैन्याच्या फोटोग्राफरांकडे बहुतेक वेळा झाइसचा सुपर इकोंटा असायचा, घडीचा, डोळ्याला लावून बघायचा कॅमेरा. तो डोळ्याला लावून ८० सेंटिमीटर उंचीवर यायचं तर गुडघे टेकून आणखी वाकावं लागतं. मीही वाकलो. गवत अजून ओलं होतं.

आणि तेव्हा दिसलं की माझ्या डाव्या गुडघ्याखालची जागा मोकळी आहे, पण उजवा गुडघा जिथे यायला हवा तिथे एक पाटी आहे. वय १९. नाव इथे लिहीत नाही.

पाटीवर ट्रायपॉडचा पाय ठेवायचा नाही, हा माझा नियम आहे. कुणी घालून दिलेला नाही. कॅमेरा ४० सेंटिमीटर डावीकडे घेतला, फोटो काढला आणि वहीत लिहिलं: ‘खरी जागा ०.४ मीटर उजवीकडे. तिथे कबर.’ छापतानाही ही ओळ फोटोखाली जाणार. जुना फोटो काढला गेला तेव्हा तो मुलगा जिवंत होता का, कुठे लढला, इथे कुठून आणून पुरला, हे फोटो सांगत नाही. जागा मात्र तीच आहे.

माळी आता गवत कापायला आले होते. त्यांचं यंत्र सुरू झालं तसा मी आवरलं. कोर्टाच्या कोपऱ्यातल्या चेरीच्या झाडापाशी शाळेची मुलं थांबली होती. मूळ झाड लढाईत मोडलं, आत्ताचं त्याच्या खुंटातून फुटलेलं आहे. तिथे तशी पाटीच आहे.

९.४०

रस्त्यावर जीपा, ट्रक, पिवळ्या टॅक्सी. दोन फोटो रस्त्याच्या वळणावरचे होते, दोन्ही जमले नाहीत. डोंगर कापून रस्ता रुंद केलाय. फोटोग्राफर जिथे उभा होता ती जमीनच आता नाही, ती जागा हवेत आहे. वहीत तसंच लिहिलं.

११.१०

ही इथली खरी दुपार. कोहिमा आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरंच पूर्वेला, म्हणून सूर्य बाराच्या आधीच डोक्यावर येतो. मेच्या मध्यावर तर तो जवळजवळ थेट माथ्यावर असतो आणि सावल्या पायाखाली गोळा होतात. फोटो काढण्यात अर्थ नाही. चहाच्या टपरीवर बसून सावल्यांचा हिशेब मांडतो.

जुन्या फोटोतल्या सावलीवरून वेळ काढता येते. पण इथे एक खाच आहे, तिच्यात मी स्वतः पडलो होतो. युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. त्यामुळे पलटणीच्या रोजनिशीत सकाळचे नऊ लिहिले असतील तर आजच्या घड्याळात ते आठ. पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं, आणि माझ्या सगळ्या सावल्या पंधरा-पंधरा अंश चुकत होत्या. आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ म्हणून अशी एक तास पुढची वेळ आजही पाळतात, तिथल्या एका मुकादमाने सहज बोलता बोलता ही गाठ सोडवली.

सावली महिना मात्र खात्रीने सांगत नाही. १३ मेला सूर्य आकाशातून ज्या वाटेने जातो, जवळपास त्याच वाटेने तो जुलैच्या शेवटी परत जातो. महिन्यासाठी चिखल बघावा, पानं बघावीत, कपडे बघावेत.

आणि कधी बंदूक बघावी. मागच्या खेपेला एका पुस्तकातून घेतलेल्या फोटोची आकाशरेषा कुठेच बसेना. दोन दिवस तीन टेकड्या पालथ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी रात्री भिंगाखाली सैनिकाच्या हातातली ली-एनफील्ड रायफल पाहिली तर तिचा बोल्टचा दांडा डावीकडे! ली-एनफील्डचा बोल्ट उजवीकडे असतो. म्हणजे छापताना निगेटिव्ह उलटी धरली गेली होती. शीट पालथं केलं आणि सकाळी दहा मिनिटांत रेषा डोंगरावर बसली.

जागा सापडली की फोटोचा खरेखोटेपणाही सापडतो. अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकाने १८६३ च्या फोटोंतले खडक आजच्या खडकांशी ताडून पाहिले. एका प्रसिद्ध फोटोत दगडांच्या आडोशाला पडलेला मृत सैनिक दाखवलाय. तोच देह दुसऱ्या फोटोंत उतारावर निराळ्या ठिकाणी पडलेला आहे, हे त्यांनी १९७५ च्या पुस्तकात दाखवून दिलं. फोटोसाठी प्रेत उचलून नेलं होतं. शंभराहून जास्त वर्षं लोक त्या चित्रावर हळहळत होते. पायांनी जागा शोधणारा माणूस गेला आणि ते उघडकीला आलं. इंग्लंडमधून १९७३ पासून निघालेल्या ‘आफ्टर द बॅटल’ या नियतकालिकाने तर दशकानुदशकं हेच काम केलं, तेव्हाचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी.

१२.३०

गल्हो. तांदूळ, पालेभाजी आणि मांस एकत्र शिजवलेली पातळ खिचडी. पोटभर. तासभर पडलो.

३.००, आजोबा

सोबत्याचे आजोबा नव्वदीच्या आसपास आहेत. लढाईच्या वेळी सात-आठ वर्षांचे असतील. कित्येक दिवस त्यांना भेटायचं चाललं होतं, आज त्यांनी होय म्हटलं. चुलीशेजारी बसले होते, अंगावर काळी शाल. मी अकराच्या अकरा फोटो त्यांच्यापुढे मांडले आणि शेजारी माझे फोटो ठेवले. नातू भाषांतर करत होता.

मी म्हणालो, “अंकल, हा आधीचा. हा आत्ताचा.”

त्यांनी जुना फोटो उचलला. गावच्या उताराचाच, दुसऱ्या कोनातून घेतलेला. जळके खांब, फुटके दगड, मधे खड्डे. डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. मग काहीतरी बोलले. नातू लगेच बोलला नाही. मी विचारलं, काय म्हणाले?

“म्हणतात, हा आधीचा नाही. हा नंतरचा आहे.”

मला वाटलं त्यांची गल्लत झाली. पुन्हा समजावायला लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि फोटोतल्या एका जळक्या खांबावर बोट ठेवलं. इथे घर होतं. काकांचं. गवती छप्पर, पुढच्या टोकाला लाकडाची कोरीव शिंगं, तशी शिंगं लावायचा मान गावजेवण घालणाऱ्यालाच. इथे भाताची कणगी. इथे बसायचा दगड, त्यावर म्हातारे बसायचे. एप्रिलमध्ये आम्ही पळालो, आधी शेतांत, मग जंगलात. परत आलो तेव्हा हे असं होतं. तुमच्या फोटोवाल्याने हे पाहिलं. ते त्याने पाहिलं नाही.

सात वर्षं मी हे काम करतोय. सात वर्षं मी प्रत्येक जोडीवर ‘तेव्हा’ आणि ‘आता’ लिहितोय, आणि माझा ‘तेव्हा’ नेहमी बंदुका आल्यानंतर सुरू होतो हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. जणू या डोंगरावर १९४४ साली पहिल्यांदा माणसं आली. लढणाऱ्यांचा इतिहास लिहिताना असं होतं, कारण कॅमेरा त्यांच्याबरोबर आला आणि त्यांच्याबरोबर गेला. लढाई ब्रिटिश आणि जपानी साम्राज्यांची, जमीन अंगामींची. फोटोखालच्या ओळीत डिव्हिजनचं नाव असतं, टेकडीला लष्कराने दिलेलं नाव असतं, कणगी कुणाची होती ते नसतं.

वही काढली. आजोबा सांगत गेले तसा मी पारदर्शक शीटवर जुन्या फोटोवरच आराखडा काढत गेलो. लाल पेनाने. घर, कणगी, दगड, पाण्याची वाट, गावाचं दार. ते मधेच माझ्या हातातलं पेन घ्यायचे आणि रेघ दुरुस्त करायचे. तासभरात फोटोतल्या राखेवर एक गाव उभं राहिलं.

तिसरा फोटो शोधला तर मिळूही शकतो. जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या अधिकाऱ्यांनी युद्धाच्या कितीतरी आधी नागा गावांचे फोटो काढलेले आहेत, हटनचं अंगामींवरचं पुस्तक १९२१ चं, आणि ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात त्यांचे संग्रह आहेत. आज रात्रीच तिथे लिहिणार आहे. नाहीच मिळाला, तर आजोबांचं लाल रेघांचं शीट तिसरं म्हणून लागेल.

निघताना त्यांनी परसातल्या भिंतीचा, आजच्या पहाटेचा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागून घेतला. नातवाला काही बोलले आणि दोघं हसले. ती पाण्याची टाकी त्यांच्या भाच्याची आहे.

५.१५

आता त्या कोऱ्या शीटबद्दल.

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार दर आठवड्याला मला फोन करतात. त्यांचे चुलते ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, म्हणजे पाचव्या मराठ्यांच्या चौथ्या बटालियनमध्ये. ही बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या संगशाकला होती. कोहिमा आणि इंफाळवर चालून आलेल्या जपान्यांना तिथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने रोखून धरलं. तांगखुल नागांचं डोंगरमाथ्यावरचं गाव, वर एक चर्च. खाली कातळ, त्यामुळे खंदक खोल खणता येईनात. काटेरी तार नाही. पाणी संपत आलेलं. विमानांतून टाकलेली रसद कितीतरी वेळा शत्रूच्या बाजूला पडली. २६ मार्चच्या रात्री उरलेले बाहेर पडले. त्या थोड्या दिवसांच्या विलंबाने कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. सुभेदारांचे चुलते परत आले नाहीत.

टेकडीच्या वळणावर रेंज मिळाली.

“काय मग, घावला का वो फोटो?”

“नाही सुभेदारसाहेब. संगशाकचा लढाई चालू असतानाचा एकही फोटो अजून माझ्या हाती लागलेला नाही.”

“बरं बरं. पर बघत ऱ्हावा.”

दर आठवड्याला हेच बोलणं होतं. आज मी त्यांना आजोबांचं सांगितलं, लाल रेघांचं. ते गप्प झाले. मग म्हणाले, “मंजी फोटो नसला तरी काडता येतंय व्हय.”

मी म्हटलं, येतं. जागा आहे, डोंगर आहे, आकाशरेषा आहे. पलटणीच्या नोंदी आहेत. तांगखुल गावात सांगणारं कुणी असेल. आणि तुमच्याकडे चुलत्यांचा फोटो आहे म्हणाला होता ना?

होता. भरती झाल्यावर बेळगावला स्टुडिओत काढलेला. पितळी डब्यात ठेवलाय, दसऱ्याला बाहेर काढतात. मागे काही लिहिलेलं नाही. सुभेदार आज पंच्याहत्तरीला आहेत, त्यांच्यानंतर घरात कुणालाच सांगता येणार नाही की हा माणूस कोण.

“आजच लिहा,” मी म्हटलं. “नाव, गाव, पलटण, साल. पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनाचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.”

५.४९

सूर्य मावळला. बाजारातली दुकानं फळ्या लावायला लागली. शेवटचा फोटो गॅरिसन हिलचाच, दिवे लागताना. याला जुनी जोडी नाही. तरी काढला.

रात्री ८.००

फोटो संगणकात उतरवले. जोड्यांच्या फोल्डरात आतापर्यंत दोनच कप्पे असायचे. आज प्रत्येकात तिसरा केला आणि त्याला नाव दिलं ‘१९४४ पूर्वी’. अकरांपैकी एकात लाल रेघांचं शीट गेलं, दहा रिकामे आहेत. संगशाकसाठी बारावं फोल्डर उघडलं. त्यात अजून काहीच नाही.

वाचकांना एक विनंती. पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात, बेळगावकडे असंख्य घरांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्या माणसाचा एखादा फोटो, पत्र किंवा पदक ट्रंकेत पडून असेल. ते काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, हा कोण, कुठल्या पलटणीत, कुठे गेला, हे विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. या आठवड्यातच.